मामाचे टक्के

डॉक्टरांनी मामाला विचारलं, "चालताना त्रास होतो का?" मामा म्हणाला, "नाय, बरा आसा." मी शेजारीच उभी होते. रुग्णालयाच्या पायऱ्या तो नुकताच माझ्या खांद्यावर भार टाकून चढला होता. बाहेर बाकावर बसल्यावर डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने सरळ केला होता, कारण तो पाय आपला आपण सरळ होत नाही. पण आत शिरल्यावर त्याची पाठ ताठ झाली, चेहऱ्यावर पाहुण्यांसमोरचं हसू आलं आणि तोंडातून तेच निघालं जे तो अपघातापासून प्रत्येकाला सांगत आलाय. डॉक्टरांनी घोट्याला कोन मोजायची पट्टी लावली, पाय वर-खाली करायला सांगितला, गुडघा वाकवून बघितला, एक्स-रे उजेडात धरला आणि आकडे लिहून घेतले. जे मोजलं ते नीटच मोजलं. बाहेर रांग मोठी होती, पुढचं नाव पुकारलं गेलं. यथावकाश दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आलं. त्यावर ३२ टक्के लिहिलं होतं.

चाळीस हवे होते.

या चाळिसावर किती घरांचं काय काय अडलेलं असतं, ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, पण बहुतेक लाभांचं दार अजूनही ४० टक्क्यांनाच उघडतं. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एसटीची सवलत, ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी, सगळं त्या रेघेच्या पलीकडे. संजय गांधीचे पूर्वी महिन्याला सहाशे मिळायचे, मग हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांसाठी अडीच हजार. मुंबईत बसून हा आकडा ऐकणाऱ्याला तो किरकोळ वाटेल. मामीच्या हिशेबात त्यात रेशनव्यतिरिक्तचं वाणसामान, गॅस आणि मामाची गोळ्यांची पट्टी बसते.

मामा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांना पाण्याचा रंग बघून मासळी कुठे असेल ते कळतं अशी जी थोडी माणसं उरलीत, त्यातला एक. लहानपणी मी त्याच्याबरोबर रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलेय, म्हणजे ओढणाऱ्यांच्या मागे दोराचं टोक धरून उभी राहिलेय. नंतर तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर गेला. जाळं वर घेताना विंचवर, दोर गुंडाळायच्या यंत्रावर, चढणारा दोर त्याच्या घोट्याभोवती आवळला. दोर तोडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मालकाने दवाखान्याचा सुरुवातीचा खर्च केला, चार वेळा बघायला आला, मग येणं कमी झालं. घोटा आखडला, गुडघ्याने त्याची भरपाई करता करता स्वतः हार मानली. आता टाच जमिनीला टेकत नाही. चप्पल घातली की ती मागच्या बाजूने वाजते, आणि त्या आवाजावरून वाडीतली पोरं अंधारातही त्याला ओळखतात.

प्रमाणपत्र आल्यावर मला डॉक्टरांचा राग आला नाही, मामाचाच आला. एवढं एक वाक्य खरं बोलला असतास तर, असं परतीच्या एसटीत कितीतरी वेळा ओठांवर आलं. बोलले नाही. मग हळूहळू आठवत गेलं की आमच्या सगळ्या घरालाच ही सवय आहे. आजी शेवटच्या दुखण्यात खाटेवर असताना कोणी डोकावलं की उठून बसायची. गणपतीत चाकरमानी यायच्या आत भिंतीला रंग काढायचा, मग त्यासाठी कोणाकडून उसने घ्यावे लागले तरी चालतील. घरात काय नाही ते अंगणापर्यंत येऊ द्यायचं नाही, हे आम्ही शिकवल्याशिवायच शिकतो. या सवयीचा मला अभिमानही आहे. पण सरकारी टेबलापुढे हीच सवय माणसाला उपाशी ठेवते, कारण तिथे फक्त कमी काय आहे तेच सांगायचं असतं, आणि तेच सांगायची जीभ आम्हाला नाही.

मामाच्या आधीच्या अर्जाची एक गोष्ट घरात कोणी काढत नाही. तहसील कचेरीच्या आवारात फिरणाऱ्या एकाने "सगळा करून देतंय" म्हणून मामीकडून पैसे घेतले होते. झेरॉक्स काढल्या, चार ठिकाणी अंगठे घेतले आणि नाहीसा झाला. "पैसे घेतल्यान आणि फोन उचलूक नाय," एवढंच मामी सांगते. त्यानंतर तिच्या लेखी मदत करतो म्हणणारा प्रत्येक माणूस त्याच जातकुळीतला. म्हणून मी जेव्हा म्हटलं की आपण वकिलांकडे जाऊया, तेव्हा तिने हातातली विळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मामा म्हणाला, "वकील कित्याक व्हयो? आमी काय चोरी केलेली नाय." शेजारचे आजोबा पायरीवर बसून ऐकत होते, त्यांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकवलं.

पायरी कोर्टाचीच होती हे खरं. तालुका विधी सेवा समितीचं काम न्यायालयाच्या इमारतीत चालतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं बारावं कलम कोणाला मोफत कायदेशीर मदत मिळेल ते सांगतं. त्यात दिव्यांग व्यक्ती आहे, स्त्रिया आणि मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीतली माणसं आहेत, आणि ज्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे तेही आहेत. ही मदत फक्त खटल्यापुरती असते असा बहुतेकांचा समज आहे, माझाही तसाच होता. योजनेचा लाभ मिळवून देणं, अर्ज करायला मदत करणं हेही त्या कामात येतं. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. मला तो एका भिंतीवरच्या फलकावर दिसला. फलक जुना होता, अर्धा भाग पावसाने धुऊन गेलेला, पण नंबर वाचता येत होता.

आमच्या वाट्याला समितीच्या यादीवरच्या एक वकीलबाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान असाव्यात. टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीतून येणारा पाऊस अडवायला लावलेला पुठ्ठा. मासेमारी बंदीचे दिवस होते, १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच आमच्याकडची माणसं कागदांच्या मागे लागतात. आणि नेमका तेव्हाच कागदांचा जीव जातो. आम्ही नेलेली फाइल उघडली तर रेशनकार्डाला बुरशी, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेचं पाकीट एकमेकांना चिकटलेलं. बाईंनी ते ओढून सोडवलं नाही. पंख्याखाली ठेवलं आणि मामाशी बोलायला लागल्या. कागदाविषयी नाही. पहिला प्रश्न होता, सकाळी उठल्यापासून काय काय करता?

मामा सांगत गेला. त्या मध्ये मध्ये खाली बघून लिहीत, आणि लिहिता लिहिता मान न उचलता पुढचा प्रश्न विचारत. असं झालं की मामा गप्प बसायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि मी प्रश्न पुन्हा सांगायचे. मी हे इतकी वर्षं करतेय की मला ते करतेय हेही जाणवत नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघत, आवाज न चढवता विचारलं, "काका, इंजिनाजवळ किती वर्षं होतात?" मामा हसला, "उभो जन्म." मग त्यांनी तळहात तोंडासमोर धरला, ओठ दिसणार नाहीत असा, आणि काहीतरी विचारलं. मामाला ते कळलं नाही. मला कळलं होतं. त्यांनी विचारलं होतं, जेवलात का?

"माका बरा आयकाक येता," मामा म्हणाला. "तुमीच हळू बोलतास."

ट्रॉलरचं डिझेल इंजिन रात्रंदिवस धडधडत असतं, आणि त्याच्या डोक्यावरच्या केबिनमध्ये माणसं झोपतात, जेवतात, भांडतात. मामाच्या पिढीतले सगळेच मोठ्याने बोलतात. दर्यावरच्या माणसाचा आवाज मोठाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तो का मोठा असतो, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. बाई स्वतः मच्छीमारांच्या घरातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की असे बरेच जण बघितलेत, पाय घेऊन येतात आणि कान घरी विसरतात.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक गणित मांडून दाखवलं. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वं असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा आधी घ्यायचा, नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं, आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा कानाचे वीस निघाले. नव्वदातून बत्तीस गेले अठ्ठावन्न, गुणिले वीस, भागिले नव्वद, जवळजवळ तेरा. बत्तीस आणि तेरा, पंचेचाळीस. मामा त्या कागदाकडे बराच वेळ बघत होता. हिशेबात तो पक्का आहे, मासळीच्या लिलावात तोंडी वाटे पाडायचा. त्याने गणित मनातल्या मनात पुन्हा करून बघितलं आणि मान डोलावली. मला मात्र धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे सूत्र कायद्याखालच्या मार्गदर्शक सूचनांत छापलेलं आहे, त्यात गुप्त असं काही नाही. पण ते मामापर्यंत पोचायला मध्ये एक माणूस लागला, ज्याला सूत्रही माहीत आहे आणि समोरचा माणूस ओठ वाचतोय हेही दिसतं.

कानाची तपासणी झाली तेव्हा मी काचेबाहेर होते. बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मामा डोळे मिटून बसला होता. बाहेर पडद्यावर आवाज वाढत जाताना दिसत होता आणि त्याचा अंगठा हलत नव्हता. तिथे कोणी त्याला कसं वाटतंय असं विचारत नव्हतं, त्यामुळे बरा आसा म्हणायची सोयच नव्हती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी आकडा पुरेसा भरू दे असंही वाटत होतं. आपल्या माणसाचं ऐकू येणं कमी निघावं अशी इच्छा करत उभं राहणं फार वाईट असतं. या वाटेने गेलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी असं काचेबाहेर उभं राहिलेलं असणार, आणि त्याविषयी कोणी कोणाशी बोलत नाही.

दुसऱ्यांदा पाय दाखवायला जायच्या आधी बाईंनी मामाच्या त्रासाचं एक टिपण केलं. त्यात फुगवलेलं काही नव्हतं. अपघात कधी, कुठे उपचार, तेव्हापासून काय करता येत नाही आणि काय मदत घेऊन करता येतं. ते त्यांनी मामाला वाचून दाखवलं, एकेक वाक्य, त्याच्या तोंडाकडे बघून. "होडीत चढता येत नाही" असं वाक्य आल्यावर मामाने हात वर केला. "चढाक येता. उतराक येणा नाय." मग त्याने समजावून सांगितलं. चढताना काठ हाताला लागतो, अंग वर ओढून घेता येतं. उतरताना खाली पाणी असतं, लाट होडी मागे ओढते, आणि पहिला पाय टाकायचा तो टाचेवर पडतो. टाच नाही. म्हणून तो गेली काही वर्षं दुसऱ्याच्या होडीवर नुसता गप्पांनाही जात नाही. हे मी कधी ऐकलं नव्हतं, मामीनेही ऐकलं नव्हतं. बाईंनी आधीचं वाक्य खोडलं आणि मामाचं लिहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आपल्या पायाविषयी एवढं बोललेलं मी ऐकलं. ते बोलताना त्याला लाज वाटली नाही, कारण प्रश्न त्याच्या गरिबीचा नव्हता, होडीतून उतरण्याचा होता, आणि त्या विषयात खोलीत त्याच्याएवढं कळणारं कोणी नव्हतं.

प्रमाणपत्र पंचेचाळीसचं आलं. चाळिसाच्या आतल्यांना मिळणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याच्या दिव्यांग कार्डाऐवजी पिवळ्या पट्ट्याचं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि आमचे निम्मे अर्ज तिथेच मरतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सातबारा निघाला. त्यावर मामाचं नाव आहे, पण कोकणातला सातबारा म्हणजे काय ते सांगायला नको. पणजोबांची जमीन, त्यावर सहहिस्सेदारांची लांबलचक रांग, त्यातले काही मुंबईत, काही केव्हाच वारलेले, आणि वाटणी झाली तर मामाच्या वाट्याला एक माड येईल की नाही याची शंका. कागदावर मात्र तो जमीनदार. बाईंनी त्याबद्दल वेगळं निवेदन जोडलं, मामाच्या हिश्शाला किती येतं आणि त्यातून उत्पन्न किती, ते लिहून. आधारवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं, ते सारखं करून घेतलं, कारण पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि एका अक्षरावरून परत जातात. अंगठा यंत्रावर उमटेना. दोराने आणि मिठाने बोटांवरच्या रेषाच घासून गेल्यात. सेवा केंद्रातला मुलगा पुन्हा पुन्हा बोट पुसायला सांगत होता. डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही तिथून हात हलवत परत आलो नाही.

आणि पोच. या एका गोष्टीवर त्या फार कडक होत्या. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आमच्याकडे पोच मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. ओळखीचा माणूस खिडकीत बसलेला, त्याचा बाप मामाबरोबर होडीवर होता, त्याच्याकडे कुठे शिक्का मागायचा? पण २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित झालेल्या सेवांना मुदत असते, आणि मुदत मोजायची तर ती कुठल्या तारखेपासून हे दाखवणारा कागद हातात लागतो. मी पोच मागितली तेव्हा त्या ओळखीच्या माणसाने निमूट शिक्का मारून दिला. वाईट वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही.

अनुदान सुरू झालं. पहिला मेसेज आला तेव्हा मामाने मला तो दोनदा वाचायला लावला, मग म्हणाला, "सरकाराच्या पैशावर जगाचा दिस इलो." मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. मामीला सुचलं. ती म्हणाली, बंदीत सरकार होड्या वर ओढायला लावता तेव्हा ऐकतास मा, मग देता तेव्हा घेवा. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी स्वतः बाजारात गेला. वाईट एवढंच वाटतं की ज्या माणसाला किनारा तांडेल म्हणून ओळखतो त्याला आता दर वर्षी हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत असल्याचं सांगावं लागणार, आणि ते सांगायला पुन्हा त्याच पायऱ्या.

मामीने बाईंना काहीतरी द्यायचं ठरवलं होतं. वकीलबाईंनी पैसे घेतले नाहीत, घेता येतच नाहीत, त्यांना समितीकडून मानधन मिळतं. ते फारसं नसावं, त्यांच्या टेबलावरचा पंखा बघून तरी तसंच वाटलं. कोकमांची पिशवी त्यांनी घेतली, मामीच्या आग्रहाखातर. मला वाटतं, तहसील कचेरीच्या आवारात अशा माणसाचं टेबल ठरल्या वारी, नावाची पाटी लावून असायला हवं. एजंटला कोणी पाटी लावून दिलेली नाही, तरी तो रोज तिथे असतो आणि सगळ्यांना माहीत असतो. जाणकार माणूस मात्र दुसऱ्या इमारतीत, फलक पावसाने धुतलेला, आणि तिथे जायचं म्हणजे कोर्टाची पायरी.

आता वाडीतली एक बाई मामाकडे येऊ लागलीय. तिच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, तो नुकताच अठरा वर्षांचा झाला. कार्ड निळं आहे, टक्के भरपूर आहेत, तिचा प्रश्न निराळाच. मुलगा सज्ञान झाला म्हणून बँक त्याची सही मागते आणि तो सही करू शकत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यासाठी तरतूद आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आईला कायदेशीर पालक नेमू शकते. आई म्हणते, मी त्याची आई आहे, आणखी कसली पालक? मामाने तिला वकीलबाईंकडे नेलं. मी कामावर होते, मला नंतर कळलं. अर्ज गेलाय, पोच घेतलीय, ती मामाने आपल्याच फायलीत ठेवलीय. समितीची बैठक अजून लागायची आहे.